कॅमशाफ्ट बदलण्यापूर्वी : घाटातल्या गाड्यांचे गणित

वाईहून पाचगणीला निघालेली मोटारसायकल पसरणीच्या घाटात कशी ओढते, यावर आपल्या भागात मिस्त्रीचे नाव होते किंवा जाते. गाडी घाटात धापा टाकू लागली की गिऱ्हाईक म्हणते, "कॅम टाकून द्या." कुणीतरी पुण्याला पाहिलेले असते, कुणी मोबाईलवर पाहिलेले असते. पैसे देण्याची तयारी असते. अशा वेळी मिस्त्रीने हो म्हणावे की नाही, आणि हो म्हटलेच तर काम कोणत्या पद्धतीने करावे, याची माहिती आम्ही आजच्या लेखात देत आहोत.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हा धुराचा नियम लागू झाला आणि बहुतेक सर्व मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. म्हणजे कार्बोरेटरच्या ज्या गाड्या आज रस्त्यावर आहेत, त्या सगळ्या काही वर्षे चाललेल्या आहेत. त्यांची कंपनीची गॅरंटी केव्हाच संपली आहे. बुलेट, थंडरबर्ड, ॲव्हेंजर अशा गाड्यांचे मालक आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा ओळखीच्या मिस्त्रीकडे जास्त जातात. छोट्या गॅरेजवाल्यांसाठी ही चांगली संधी आहे. पण अर्धवट माहितीवर इंजिन उघडले, तर हीच संधी अंगावर येते.

कॅम करतो काय?

चार स्ट्रोकच्या इंजिनाला दोन दरवाजे असतात. इनलेट व्हॉल्व्हमधून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जळलेला वायू बाहेर जातो. हे दरवाजे केव्हा उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे कॅम ठरवतो. कॅमवर अंड्याच्या आकाराचा उंचवटा असतो. तो फिरत वर आला की व्हॉल्व्ह ढकलला जातो, आणि तो निघून गेला की स्प्रिंग व्हॉल्व्ह परत मिटवते. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर कॅम २५०० फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ४२ वेळा उघडतो आणि मिटतो.

आता वेळेचा हिशेब पाहू. २००० फेऱ्यांवर पिस्टनला वरून खाली यायला एका सेकंदाचा पंधरा हजारांश भाग लागतो. ५००० फेऱ्यांवर फक्त सहा हजारांश भाग मिळतो. एवढ्या थोड्या वेळात सिलिंडर पुरता भरत नाही. म्हणून जोरात पळणाऱ्या इंजिनाचा इनलेट व्हॉल्व्ह थोडा आधी उघडतात आणि पिस्टन खाली जाऊन परत वर येऊ लागला तरी थोडा वेळ उघडाच ठेवतात. वेगाने आत येणारी हवा आपल्या झोकाने आणखी भरत राहते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधीच इनलेट उघडू लागतो. या मधल्या काळात दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. त्यालाच ओव्हरलॅप म्हणतात.

बाजारात 'परफॉर्मन्स कॅम' म्हणून जो विकला जातो, त्यात दोन गोष्टी वाढवलेल्या असतात. एक, व्हॉल्व्ह उचलण्याची उंची. दोन, तो उघडा ठेवण्याचा काळ. दुसरी गोष्ट वाढली की ओव्हरलॅपही बहुधा वाढतो.

वरची ताकद आणि खालची ताकद

इथेच बहुतेकांची फसगत होते. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहिला तर वरच्या फेऱ्यांवर फायदा होतो हे खरे. पण खालच्या फेऱ्यांवर काय होते? हवेला झोक नसतो. पिस्टन वर येऊ लागला की आत आलेले मिश्रण उघड्या इनलेटमधून मागे कार्बोरेटरकडे ढकलले जाते. दाब कमी पडतो. ओव्हरलॅपच्या काळात थोडे कच्चे पेट्रोल सरळ सायलेन्सरमध्ये जाते. गाडी आयडलला डळमळते, खालच्या फेऱ्यांवर अडखळते आणि ॲव्हरेज कमी होते.

थोडक्यात, नुसता कॅम बदलल्याने खालची ताकद बहुतेक वेळा वर सरकते. खालून काढायचे आणि वर घालायचे असा हा व्यवहार आहे. शर्यतीच्या गाडीला तो परवडतो, कारण ती खालच्या फेऱ्यांवर कधी चालतच नाही. क्रूझर गाडीचे तसे नाही. आरामात बसून, फेरे कमी ठेवून, दमाने ओढत लांबचा पल्ला मारायचा यासाठीच ती बनवलेली असते.

आपल्या भागातल्या गाड्या

जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर. म्हणजे पिस्टनचा प्रवास बोअरपेक्षा लांब. हे इंग्लंडातले जुने डिझाइन. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि ही गाडी आपल्याकडे रुजली. १९९४ साली कंपनी आयशर समूहाकडे गेली. २००८-०९ पासून बुलेटच्या घराण्यात गिअरबॉक्ससह एकसंध असलेले नवे इंजिन आले. ३५० मध्ये बोअर-स्ट्रोक तेच राहिले. या इंजिनाची जास्तीत जास्त ओढ, म्हणजे टॉर्क, २८ न्यूटन-मीटर असून ती ४००० फेऱ्यांवर मिळते, आणि सुमारे १९.८ अश्वशक्ती ५२५० फेऱ्यांवर मिळते. हे आकडेच सांगतात की गाडी खालून ओढण्यासाठी आहे.

बजाजच्या ॲव्हेंजर २२० चे गणित वेगळे. बोअर ६७ मिलिमीटर, स्ट्रोक ६२.४ मिलिमीटर. तिची जास्तीत जास्त ताकद ८४०० फेऱ्यांवर येते. आता तुलना करा. ५५०० फेऱ्यांवर बुलेटच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटर होतो. तेवढाच वेग गाठायला ॲव्हेंजरला सुमारे ८००० फेरे घ्यावे लागतात. म्हणजे बुलेटला ५५०० च्या वर पळवणे हे ॲव्हेंजरला ८००० च्या वर पळवण्याइतकेच इंजिनावर जड आहे. बुलेटमध्ये शर्यतीचा कॅम घातला तर त्याचा फायदा जिथे सुरू होतो, तिथेच कनेक्टिंग रॉडच्या बिग-एंडचे आयुष्य संपू लागते.

दोन्ही गाड्यांत कॅम बसतो तोही वेगळ्या ठिकाणी. बुलेटमध्ये इनलेटचा आणि एक्झॉस्टचा असे दोन स्वतंत्र कॅम असतात. प्रत्येकाला स्वतःचा गिअर असतो. हे उजव्या बाजूच्या टायमिंग कव्हरमागे असतात आणि पुशरॉडमार्फत वरचे रॉकर हलवतात. म्हणून कॅम काढायला हेड उतरवावे लागत नाही. ॲव्हेंजरमध्ये एकच कॅम हेडमध्ये असतो आणि तो साखळीवर फिरतो.

घाटातली हवा

आपल्या भागाची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. डझनभर किलोमीटरच्या रस्त्यात गाडी ६०० मीटर वर चढते. हवा वर विरळ होत जाते. एवढ्या चढाईत ती सुमारे सहा टक्क्यांनी विरळ होते. इंजेक्शनच्या गाडीला हे समजते आणि ती पेट्रोल कमी सोडते. कार्बोरेटरला ते समजत नाही. तो वाईला जेवढे पेट्रोल देत होता, त्याच्या जवळपास तेवढेच वर देतो. मिश्रण जाड होते, प्लग काळा पडतो, गाडी जड वाटू लागते. हवाच कमी असल्याने ताकदही तेवढी कमी होते.

गिऱ्हाईक हे सगळे "गाडीत दम नाही" या एका वाक्यात सांगते. हा दोष कॅमचा नसतो. घाटात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ३५०० फेऱ्यांवर चालते. तिथली ओढ कमी करणारा कॅम घातला, तर पसरणीच्या वळणावर दुसरा गिअर टाकायची वेळ येईल. गिऱ्हाईकाने पैसे मोजून गाडी बिघडवून घेतली असा त्याचा अर्थ होईल.

आधी जुना कॅम मोजा

आमचा पहिला सल्ला असा की नवा कॅम मागवण्यापूर्वी जुन्याचे माप घ्या. बरीच वर्षे चाललेल्या गाडीत कॅमचा उंचवटा आणि त्यावर घासणारा टॅपेटचा पाय दोन्ही झिजतात. तेल वेळेवर बदलले नसेल तर झीज लवकर होते. व्हॉल्व्ह पुरता उचलला जात नाही आणि गाडी हळूहळू मंद होते. हा बदल इतका सावकाश होतो की मालकाच्या लक्षात येत नाही.

मोजण्यासाठी डायल गेज पुरेसे आहे. पुशरॉडच्या डोक्यावर किंवा व्हॉल्व्हच्या टोपीवर गेज लावा आणि इंजिन हाताने फिरवा. इनलेट व एक्झॉस्टची उचल लिहून ठेवा व कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पहा. कॅमवर खड्डे, ओरखडे किंवा निळसर डाग असतील तर तो बाद समजावा.

याबरोबर आणखी पाच गोष्टी तपासाव्यात : कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हची बैठक, टॅपेटचे सेटिंग, इग्निशनचे टायमिंग आणि एअर फिल्टर. जुन्या बुलेटला इंजिन थंड असताना टॅपेटमध्ये फट ठेवायची नसते. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एकसंध इंजिनाच्या बुलेटमध्ये टॅपेट तेलाच्या दाबावर चालतात. त्यांना सेटिंग नसते, पण घाण तेल त्यांना चालत नाही. ॲव्हेंजरमध्ये टायमिंगची साखळी सैल झाली की व्हॉल्व्ह उशिरा उघडू लागतात. अशा वेळी साखळी व टेन्शनर बदलला तरी गाडी मोकळी होते.

एवढे केल्यावर झिजलेल्या कॅमच्या जागी कंपनीचाच नवा कॅम घातला, तर बहुतेक गिऱ्हाईके समाधानाने परत जातात. त्यांना जी ताकद हवी होती ती गाडीत मुळात होतीच, ती झिजून गेली होती.

बदलायचाच असेल तर

तरीही काही मालक हमरस्त्यावर लांबचा प्रवास करतात. सुरूर फाट्याला लागून पुण्याकडे किंवा कोल्हापूरकडे सतत वेगात जातात. त्यांना ३५०० च्या वर थोडी मोकळी गाडी हवी असते. त्यांच्यासाठी सौम्य कॅम निवडावा. इंग्लंडातल्या हिचकॉक्ससारख्या दुकानांत बुलेटसाठी असे कॅम मिळतात. उचल थोडी जास्त आणि उघडा राहण्याचा काळ फार न वाढवलेला, असा कॅम क्रूझरला मानवतो. उचल वाढली की व्हॉल्व्हमधून हवा मोकळी येते आणि खालची ओढ फारशी जात नाही.

काम करताना पुढील क्रम पाळावा.

१. टायमिंगच्या खुणा जुळवून मगच जुना कॅम काढा. खुणा पुसल्या असतील तर रंगाने नव्या करा. जुन्या बुलेटच्या टायमिंग पिनियनवरचा नट उलट्या आट्याचा असतो. जोर लावून नेहमीच्या दिशेने खोलू गेल्यास क्रँकचे टोक तुटते.

२. नव्या कॅमबरोबर टॅपेट नवेच घाला. जुन्या टॅपेटच्या पायाला जुन्या कॅमची खोबण पडलेली असते. ती नव्या कॅमला थोड्याच दिवसांत खाते.

३. व्हॉल्व्ह स्प्रिंग पुरती दाबली गेली असताना वेटोळी एकमेकांना टेकता कामा नयेत. उचल वाढल्यावर वेटोळी टेकली तर पुशरॉड वाकतो किंवा कॅम खरवडला जातो.

४. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले अंतर तपासा. पिस्टनच्या माथ्यावर मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचा थर लावा, हेड बसवून आवळा, टॅपेट सेट करा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड काढून मातीचा थर कापून मोजा. इनलेटला सर्वसाधारणपणे दीड मिलिमीटर आणि एक्झॉस्टला दोन मिलिमीटर जागा असावी. ही तपासणी वगळली आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटला, तर पूर्ण इंजिनाचे काम निघते.

५. क्रँकवर अंशांची चकती लावून व्हॉल्व्ह कोणत्या अंशाला उघडतो व मिटतो ते पहा आणि कॅमसोबत आलेल्या कागदाशी जुळवा. एका दात्याचा फरक पडला तरी सगळी मेहनत वाया जाते.

६. बसवताना कॅम आणि टॅपेटला भरपूर घट्ट वंगण लावा. इंजिन सुरू झाल्यावर गाडी उभी ठेवून तासभर आयडलला चालवू नका. हवेवर थंड होणारे इंजिन उभ्या गाडीत तापते. रस्त्यावर काढून फेरे कमी-जास्त करत चालवा आणि पहिले तेल लवकर बदला.

जुन्या कॅमवर वेल्डिंग करून खरादावर घासून आकार देण्याचा मोह मात्र टाळावा. कॅमच्या उंचवट्याचा प्रत्येक अंश ठरवून घडवलेला असतो आणि त्याचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो. हे काम किती बारकाव्याचे आहे हे पाहायला परदेशी जायला नको. १९९२ साली यतीन शहा यांनी सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना काढला आणि तिथे ओतलेले कॅमशाफ्ट देशोदेशीच्या मोटारींत बसतात. आपल्याच महाराष्ट्रातल्या कारखान्याने एवढ्या एका भागावर जागतिक बाजारपेठ मिळवली, यावरून त्या भागाची किंमत ओळखावी.

कार्बोरेटरशिवाय काम अपुरे

कॅम बदलला की इंजिनाचे श्वास घेणे बदलते, म्हणून कार्बोरेटर नव्याने लावावाच लागतो. आधी फ्लोटची पातळी पहा. मग आयडलसाठी पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, मधल्या उघाडासाठी नीडलची क्लिप, आणि पूर्ण उघाडासाठी मेन जेट, या क्रमाने जा. एका वेळी एकच बदल करा व लिहून ठेवा. प्लगचा रंग चहासारखा आला तर मिश्रण बरोबर. काळी काजळी आली तर पेट्रोल जास्त. पांढरा पडला तर पेट्रोल कमी, आणि हा शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा, कारण इंजिन तापून पिस्टन सीझ होतो.

इथे इथेनॉलचाही विचार करावा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. साध्या पेट्रोलसाठी लावलेला जुना कार्बोरेटर या मिश्रणावर थोडा पातळ चालतो. मोठा कॅम, मोकळा सायलेन्सर आणि जेट मात्र जुनाच, अशी गाडी लवकर तापते. जुने रबरी पाइप व ओ-रिंगही या पेट्रोलने फुगतात, तेही तपासून बदलावेत. सेटिंग केल्यावर एक चक्कर वाई परिसरात आणि एक चक्कर पाचगणीपर्यंत मारल्याशिवाय गाडी गिऱ्हाईकाला देऊ नये.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ बदलले. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. धूर आणि आवाजाच्या नियमभंगाला कलम १९० आहे.

कॅम आत असतो, कुणाला दिसत नाही, असे म्हणून चालणार नाही. ओव्हरलॅप वाढला की आयडलला कच्चे पेट्रोल बाहेर पडते आणि गाडी पीयूसीत नापास होऊ शकते. सोबत फटाके उडवणारा सायलेन्सर बसवला असेल तर रस्त्यातच अडवतात. असे सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो वाचकांनी पाहिले असतीलच. अपघात झाला तर विमा कंपनी या बदलावर बोट ठेवू शकते. या गोष्टी गिऱ्हाईकाला काम हाती घेण्यापूर्वी सांगाव्यात. तसेच ताकद वाढवायची तर ब्रेकही तेवढे चोख हवेत. जुन्या बुलेटचे ड्रम ब्रेक पसरणीच्या उतारावर तापतात, हे विसरू नये.

धंद्याचा हिशेब

गॅरेजलाइनमध्ये आपली पुष्कळ मुले आहेत. हातात कसब आहे, पण लिहून ठेवण्याची सवय कमी आहे. कॅमसारख्या कामात लेखी हिशेबाशिवाय चालत नाही. काम घेण्यापूर्वी कागदावर लिहून द्या : कॅम, टॅपेट, स्प्रिंग, गॅस्केट, जेट, तेल आणि मजुरी, प्रत्येकाची रक्कम वेगळी. कॉम्प्रेशन आणि कॅमची उचल कामाआधी किती होती आणि नंतर किती झाली, तेही लिहा. जुना कॅम तेलाच्या फडक्यात गुंडाळून गिऱ्हाईकाच्या हवाली करा. त्याचा विचार बदलला तर तो परत बसवता येतो, आणि तुमच्या कामाचा पुरावाही त्याच्याकडे राहतो.

डायल गेज, अंशांची चकती आणि कॉम्प्रेशन गेज ही तीन साधने एकदाच घ्यावी लागतात. ज्या मिस्त्रीकडे ती असतात, त्याला अंदाजाने बोलावे लागत नाही. "कॅम चांगला आहे, बदलू नका, साखळी आणि कार्बोरेटरचे काम करा" असे तो आकडा दाखवून सांगू शकतो. त्या दिवशी त्याचे बिल लहान होईल. पण तेच गिऱ्हाईक पुढे पाच वर्षे दुसऱ्या गॅरेजची पायरी चढणार नाही आणि येताना आणखी दोन गाड्या घेऊन येईल. छोट्या गावात धंदा असाच वाढतो.